डेक गळतोय? आधी पाण्याची वाट शोध, सीलंटचं नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा. कोकणातून घेतलेली २२ फुटी, फायबरग्लासची जुनी शिडाची होडी. ट्रेलरवर आंबा घाट चढवून आणली, आता पाचगावला शेतावर उघड्यावर उभी आहे. जुलैच्या पहिल्या झडीत आत डाव्या बाकावरची गादी भिजली. खिडकीच्या कडेला, कठड्याच्या खांबांच्या बुडाशी, हॅचभोवती (डेकवरच्या झाकणाच्या दाराभोवती) अशा मिळून सिलिकॉनच्या तीन नळ्या रिकाम्या केल्या. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा थेंब सुरू. "काका, नक्की कुठलं सीलंट लावू?"

काका म्हटलंस म्हणून एकेरीतच लिहितो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं फायबरचं काम सव्वीस वर्षं चालू आहे, आणि त्यातले बरेच हिवाळे रत्नागिरी-मालवणच्या किनाऱ्यावर लोकांच्या होड्यांच्या डेकवर गुडघे टेकून गेलेत. त्या अनुभवावर सांगतो. तुझ्या तीन नळ्या वाया गेल्या, कारण पाणी कुठून शिरतंय ते अजून तुला माहीत नाही. आणि वरून फासलेलं सीलंट गळती बंद करत नाही. ते पाण्याचं बाहेर दिसणं काही दिवस बंद करतं. तेवढ्या दिवसांत पाणी डेकच्या पोटात मुरत राहतं, ते जास्त वाईट.

कौलारू घरात राहिलेल्या माणसाला ही गोष्ट लगेच कळते. मंगलोरी कौल फुटतं आढ्याजवळ, पाणी वाशावरून उतरत येतं, एखाद्या रिपेशी अडतं आणि ठिबकतं सोप्यात. सोप्यावरचं कौल बदलून काही होत नाही. आमचे आजोबा भर पावसात माळ्यावर चढायचे आणि बॅटरीच्या उजेडात वाशावरची ओली रेघ धरून वर वर जायचे, पार त्या फुटक्या कौलापर्यंत. होडीतही हेच करायचं. फरक एवढाच, की होडीत वासे दिसत नाहीत. डेकच्या खाली अस्तर असतं किंवा फायबरचा दुसरा साचा बसवलेला असतो, आणि त्या दोघांच्या मधल्या पोकळीतून पाणी तीन-चार फूट सहज चालत जातं. गादी भिजली डाव्या बाकावरची, म्हणून भोक डाव्या बाकाच्या डोक्यावर असेल असं धरू नकोस.

तुझी होडी तर ट्रेलरवर आहे. पुढचं चाक किती वर-खाली केलंय त्यावर डेकचा उतार ठरतो. पाण्यात तरंगताना जिथे पाणी साचत नाही तिथे ट्रेलरवर साचतं, आणि उलटही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे लेव्हल ट्यूब घेऊन ती पाण्यात जशी बसते तशी सरळ कर. आणि दुसरं, शिडी आण. ट्रेलरवरच्या होडीत चढताना येणारा-जाणारा प्रत्येक जण कठड्याचा खांब धरून अंग वर ओढतो. हिशेब कर: खांब २४ इंच उंच, त्याचं बूड ३ इंच रुंद. वर २० किलोचा ओढा लागला, तर बुडाच्या बोल्टवर तो आठपट होऊन १६० किलोच्या घरात जातो. समुद्रात दोन वर्षांत जेवढे ते बोल्ट हलले नसतील, तेवढे शेतावरच्या दोन महिन्यांत हलतात. तुझी गळती पावसाने सुरू झाली असं तुला वाटतंय. माझा पहिला संशय या चढउतारावर आहे.

आता डेक आतून कसा असतो ते समजून घे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. फायबरचे दोन पातळ थर, मध्ये हलका गाभा. गाभा बहुतेक वेळा बाल्सा लाकडाचा किंवा प्लायवूडचा, काही होड्यांत फोमचा. त्याने डेक हलका आणि ताठ राहतो. फायबर सलग असेल तर त्यातून पाणी जात नाही. जेलकोटवरच्या, म्हणजे फायबरच्या वरच्या चकचकीत थरावरच्या, केसासारख्या भेगाही क्वचितच गळतात. पाणी शिरतं ते माणसाने पाडलेल्या भोकांतून. खांब, दोर बांधायचे क्लीट, हाताने धरायच्या पट्ट्या, शिडाच्या दोराचा ट्रॅक, व्हेंटिलेटर, खिडक्या, हॅचच्या बिजागऱ्या. एकदा कागद घेऊन मोज. २२ फुटी होडीवर शंभराच्या आसपास भोकं सहज निघतात. आणि प्रत्येक भोकात गाभ्याची कड उघडी असते, कारखान्यात ती बंद केली नसेल तर. जुन्या होड्यांत ती सहसा केलेली नसते. बोल्टभोवतीचं सीलंट एका बाजूने सुटलं की पाणी आधी गाभा पितो, आणि त्याचं पोट भरल्यावर आत ठिबकतं. म्हणजे तुझ्या गादीवर पहिला थेंब पडला त्याच्या बऱ्याच आधीपासून पाणी आत येत होतं.

शोधायला जुलै-ऑगस्टसारखा काळ नाही, आणि दुरुस्त करायला याच्याइतका वाईट काळ नाही. म्हणून आत्ता फक्त शोध.

आतल्या गाद्या, फळ्या, काढता येईल तेवढं अस्तर, सगळं काढ. फडक्याने पुसून पंख्याने आतला भाग कोरडा कर. मग आधी एक शंका दूर कर: हे पाणी गळतीचंच आहे ना? आपल्याकडच्या पावसाळी हवेत बंद केबिनमध्ये दव धरतं आणि ते छतावरून अगदी गळतीसारखं ठिबकतं. जेवण बांधायच्या चांदीच्या कागदाचा वीतभर तुकडा छताला आतून चारी कडांनी टेपने चिकटव. दुसऱ्या दिवशी कागदाच्या तुझ्याकडच्या अंगाला ओल असेल तर ते हवेतलं दव आहे, हवा खेळती ठेवली की जाईल. छताकडच्या अंगाला ओल असेल तर डेकमधूनच येतंय.

गळती पक्की झाली की आतून दिसणाऱ्या प्रत्येक नटाभोवती, खिडकीच्या खालच्या कडेला, डेक आणि बॉडीच्या जोडावर साधी टाल्कम पावडर भुरभुरव किंवा खडूची रेघ ओढ. पाऊस पडू दे. पावडरीवर पाण्याचा ओघळ स्पष्ट उमटतो. ओघळाचं वरचं टोक धर. तिथे टेपचा तुकडा लावून त्यावर तारीख, वेळ आणि पाऊस कसा होता ते लिही: सरळ, की पश्चिमेच्या वाऱ्याने तिरका. तिरक्या पावसातच ओल येत असेल तर खिडक्या आणि हॅचची उभी कड आधी तपासायची. पाऊस थांबून चार तासांनी थेंब पडत असेल तर पाणी गाभ्यातून फिरून येतंय.

उघडीप मिळाली की पाइपची परीक्षा घे. यात लोक घाई करतात आणि सगळं पाण्यात जातं. एक जण आत बॅटरी घेऊन, एक बाहेर. पाणी खालून वर न्यायचं. आधी सगळ्यात खालची फिटिंग, तिच्यावर १०-१५ मिनिटं संथ धार, आतून "काही नाही" असा आवाज आल्यावरच पुढची. वरून सुरुवात केलीस तर ओघळ खालच्या सगळ्या फिटिंग भिजवेल आणि गळतंय कोणतं ते कळणारच नाही. पाइपचं तोंड दाबून फवारा मारू नकोस, आणि गाडी धुवायच्या सर्व्हिसिंग पंपाला तर हातही लावू नकोस. तो जोर चांगल्या रबरातूनही पाणी आत ढकलतो, आणि मग तू निरोगी खिडकी उपटत बसशील. एखाद्या फिटिंगचा संशय जाईना तर तिच्याभोवती मळलेल्या कणकेसारख्या पुटीचा बांध घाल, आत पाणी भर आणि पेनने पातळीची खूण कर. तासाभरात पातळी उतरली की संशय खरा ठरला.

आणखी एक युक्ती आहे, डेक कोरडा असतानाच करायची. केबिनची सगळी दारं, व्हेंटिलेटर, सिंकची नळी टेपने बंद करायची आणि एका फटीतून धूळ उडवायच्या ब्लोअरने आत हवा सोडायची. बाहेरून प्रत्येक फिटिंगवर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवला की जिथे हवा निसटते तिथे बुडबुडे येतात. पंक्चरवाला ट्यूब बघतो तसंच. कॉम्प्रेसर मात्र लावू नकोस, खिडकीची काच बाहेर उडेल.

एवढं करून तुझ्याकडे यादी तयार होईल. तिच्यात एकच नाव क्वचित असतं. सापडलेल्या प्रत्येक जागेभोवती डेक वाजवून बघ. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करत जा. मडकं घेताना आपण वाजवून घेतो ना, तोच कान लागतो. चांगला डेक ठणठणीत वाजतो, कुजलेला किंवा थर सुटलेला बद आवाज देतो. आवाज बदलतो तिथे पेन्सिलने रेघ मार. बद भाग रुपयाच्या नाण्याएवढा असेल तर काम सोपं. ताटाएवढा असेल आणि पायाखाली दबतही असेल, तर तेवढा डेक उघडून गाभा बदलावा लागेल. तो वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं विचार. खात्री करायला आतल्या बाजूने ४-५ मिलिमीटरचं भोक पाड. बिटवर टेप गुंडाळून खोली ठरव, नाहीतर वरचा थर फुटेल. भुसा पांढुरका आणि कोरडा आला तर ठीक. काळा, ओला, कुबट वासाचा आला तर कुजलाय.

तोवर होडी झाक. डोलकाठी आडवीच आहे ना? तिचाच आढ्यासारखा उपयोग करून वर ताडपत्री टाक, दोन्ही टोकं मोकळी ठेव, म्हणजे पागोळ्या बाहेर पडतील आणि हवा आत फिरेल. ताडपत्री डेकला चिकटवून आवळू नकोस, खाली दमट कोंडून राहतं.

आता दुरुस्ती. ती दिवाळीनंतर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. ओल्या गाभ्यावर एपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून कडक होणारा माल) ओतलं तर ओल आत कायमची कोंडते. शिवाय दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि वरचा हात धरत नाही. आला तरी घाबरायचं नाही, साध्या पाण्याने आणि भांडी घासायच्या काथ्याने घासून काढायचा, मग पॉलिश पेपर. पण मुळात कोरड्या हवेत काम केलेलं बरं.

फिटिंग पूर्ण काढायची. यात तडजोड नाही. नट सैल करून फटीत सीलंट भरणं म्हणजे ज्याच्यासाठी एवढं शोधलं त्याच्यावरच पांघरूण घालणं. काढल्यावर तू लावलेलं सिलिकॉन हा तुझा खरा शत्रू ठरणार आहे. त्याचा न दिसणारा थर फायबरवर राहतो आणि त्यावर एपॉक्सी, पीयू (पॉलियुरेथेन सीलंट), रंग, काहीच धरत नाही. आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवड, मग सिलिकॉन काढायचं द्रावण, आणि शेवटी पॉलिश पेपर. हा क्रम उलटा झाला तर घासताना सिलिकॉन सगळीकडे पसरतं. झालं का ते बघायला पाण्याचा हात फिरव. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ. थेंब थेंब होऊन गोळा झालं तर सिलिकॉन अजून आहे.

मग भोक. बोल्ट ८ मिलिमीटरचा असेल तर वरचं भोक १२-१४ मिलिमीटरचं कर. एक ॲलन की कापून छोटा आकडा कर, ड्रिलला लाव, आणि तो भोकात फिरवून दोन थरांच्या मधला गाभा चारी बाजूंनी अर्धा-पाऊण इंच खरवडून बाहेर काढ. खालचा-वरचा थर शाबूत राहिला पाहिजे. पोकळी काही दिवस उन्हात वाळू दे. खालून टेप लाव. आधी पातळ एपॉक्सी ओतून लाकडाला पिऊ दे, मग ते चिकट असतानाच सिलिका पावडर घालून पीनट बटरसारखं घट्ट केलेलं एपॉक्सी बुडबुडा न राहता भर. रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनकाट्यावर, डब्यावर लिहिलंय तसंच. "हार्डनर थोडं जास्त घातलं की लवकर वाळेल" हे पॉलिएस्टर रेझिनमध्ये काही अंशी चालतं, म्हणून आपल्याकडच्या फायबरवाल्यांच्या हातात ती सवय असते. एपॉक्सीत ते अजिबात चालत नाही, माल कायमचा मऊ राहतो. इथे पॉलिएस्टर वापरूही नकोस. जुन्या, कडक झालेल्या फायबरला एपॉक्सीच घट्ट धरतं.

दोन दिवसांनी त्या भरावाच्या मधोमध ८ मिलिमीटरचं भोक पाड. आता बोल्ट लाकडातून जातच नाही, घट्ट एपॉक्सीच्या नळीतून जातो. पुढे कधी सीलंट सुटलं तरी पाणी सरळ आत ठिबकेल, गाभ्यात शिरणार नाही. भोकाच्या वरच्या तोंडाला काउंटरसिंक बिटने हलकी वाटी कर. तिच्यात सीलंटची कडी बसते, आणि खरं पाणी अडवते ती ही कडी. सपाट बुडाखालचं सीलंट नट आवळताना बहुतेक बाहेरच पिळून येतं.

आता तुझा प्रश्न, कुठलं सीलंट. खांब, क्लीट, पट्ट्या अशा बोल्टने आवळायच्या फिटिंगला मी ब्युटाइल टेप वापरतो. ती कधी वाळत नाही, लवचीक राहते आणि पुढे फिटिंग काढायची झाली तर डेक न फाटता निघते. बोल्टच्या डोक्याखाली तिचा निमुळता शंकू वळ, बुडाखाली पट्टी दे आणि बोल्ट वरून स्थिर धरून खालून फक्त नट फिरव. बोल्ट फिरला की सीलंटची कडी तुटलीच. एका दमात आवळू नकोस. आज थोडं, उद्या थोडं, दुपारच्या उन्हात ती मऊ होते तेव्हा आणखी थोडं, असं तीन-चार दिवस. पाण्याखाली आणि डिझेलच्या टाकीच्या तोंडाशी मात्र ब्युटाइल नको. तिथे आणि डेक-बॉडीच्या जोडाला पॉलियुरेथेन. त्यातही कायमचं धरणारे प्रकार असतात. ते फिटिंगला लावले तर काढताना जेलकोटचे पोपडे घेऊनच निघतात. पॉलिसल्फाइड लाकडाला उत्तम, पण ॲक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेटच्या खिडक्यांना ते खातं.

खिडक्यांचं गणित निराळं आहे. ६० सेंटीमीटरची ॲक्रिलिकची काच ३० अंशांच्या फरकात सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबते, फायबर त्याच्या निम्म्यानेही लांबत नाही. म्हणून स्क्रूची भोकं सैल हवीत आणि सीलंटचा थर जाड. इथे सिलिकॉन चालतं, पण खिडक्यांना चालणारं, ताण घेणारं, बाथरूमचं नव्हे. काच ॲसिटोनने पुसू नकोस, तिला जाळीसारख्या भेगा जातात.

खांबांच्या खाली नुसते वॉशर असतील तर तेही बदल. ५-६ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या आपल्या उद्यमनगरात दोन तासांत कापून, भोकं पाडून, कडा गोल करून मिळतात. भार पसरला की बोल्ट हलत नाही, आणि बोल्ट हलला नाही की सीलंट टिकतं.

शेवटी चेनप्लेट. डोलकाठीला आडवा ताण देणाऱ्या तारा ज्या स्टीलच्या पट्ट्यांना बांधतात त्या, डेकमधून खाली उतरणाऱ्या. तू लिहिलेल्या यादीत त्यांचं नाव नाही, आणि मला तीच जास्त काळजी वाटते. काठी खाली असताना त्यांच्यावर ताण नसतो, त्यामुळे ट्रेलरवर त्या कोरड्या दिसू शकतात आणि वाऱ्यात होडी कलली की गळतात. पण इथे पाणी गादी भिजवून थांबत नाही. स्टेनलेस स्टीलला गंज न धरायला हवा लागते. डेकच्या जाडीत, ओल्या सीलंटमध्ये, खाऱ्या पाण्याच्या सहवासात त्याला हवा मिळत नाही आणि ते फटीतून आतल्या आत खात जातं. वरून आणि खालून पट्टी चकचकीत दिसते.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका होडीची चेनप्लेट मी न काढता वरून पीयू भरून दिली. मालकाला दोन दिवसांत समुद्रात जायचं होतं आणि मी नाही म्हणालो नाही. पुढच्या हंगामात ती डेकच्या बरोबर मधोमध तुटली आणि डोलकाठी पाण्यात गेली. काठी पडली त्या बाजूला त्या वेळी कुणी बसलेलं नव्हतं, एवढंच. तुटलेला तुकडा पाहिला तेव्हा पट्टीचा जेमतेम तिसरा हिस्सा धातू चमकत होता, बाकी सगळं काळं. त्यानंतर चेनप्लेट न काढता मी एकही काम घेतलं नाही.

तेव्हा नोव्हेंबरात सहाच्या सहा, किंवा जितक्या असतील तितक्या, काढ. कुठली कुठली ते नंबर टाकून ठेव आणि स्वच्छ करून माझ्याकडे घेऊन ये. शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंगला करतात तीच डाय पेनिट्रंटची परीक्षा करू. लाल रंग लावायचा, मुरू द्यायचा, पुसायचा, पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. चुंबकाची परीक्षा या स्टीलला चालत नाही, म्हणून हीच. रेघ दिसली तर पट्टी भंगारात आणि नवी ३१६ ग्रेडच्या स्टीलची कापून घ्यायची, जुन्यापेक्षा एक माप जाड. ते होईपर्यंत काठी उभी करू नकोस, कळंब्याच्या तलावात नुसती बघायला म्हणूनसुद्धा नाही.